साथीच्या काळात दम्याचं लेकरू: दवाखाना लांब असताना काय करायचं

दम्यावरचे बहुतेक सल्ले शहरातलं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. ‘त्रास वाढला तर लगेच दवाखाना गाठा’ हे नागपुरात ऑटो मिळेपर्यंतचं काम आहे. विदर्भातल्या कोरची, झरी जामणी किंवा धारणीकडच्या एखाद्या गावातून त्याच कामाला अर्धा दिवस जाऊ शकतो. गाडी शोधायची, नाल्याला पाणी आहे का बघायचं, आणि साथ सुरू असेल तर वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र तापाच्या रुग्णांनी आधीच भरलेलं. म्हणून इथे जोर दोनच गोष्टींवर आहे: रोजचा दमा इतका काबूत ठेवायचा की साध्या सर्दीने लेकरू आडवं पडू नये, आणि बिघडलंच तर शहरातला माणूस निघेल त्याच्या एक पायरी आधी घर सोडायचं.

औषधांचे आकडे सर्वसाधारण आहेत. डॉक्टरांनी तुमच्या लेकराच्या कागदावर वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तोच पाळायचा.

विषाणू दम्याला का भडकवतो

दम्यात श्वासनळ्यांच्या आतलं अस्तर कायम थोडं सुजलेलं असतं. त्यात सर्दीचा विषाणू शिरला की सूज वाढते, चिकट कफ तयार होतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. लहान मुलांत दम्याचा झटका येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण विषाणूची सर्दी हेच आहे. तो कोरोनाचा असो, फ्लूचा असो की साधा सर्दीचा, घरी करायची कामं सारखीच राहतात.

कोविडच्या काळात एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांचा दमा नीट काबूत होता त्या मुलांना फक्त दम्यामुळे फार मोठा धोका दिसला नाही. ज्यांचा दमा बेलगाम होता, म्हणजे आदल्या वर्षात भरती व्हावं लागलं होतं किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार लागल्या होत्या, त्यांना धोका जास्त होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-यवतमाळकडे रुग्ण झपाट्याने वाढले, तशी वेळ पुन्हा आली तर तयारीला आठवडाही मिळत नाही. तयारी साथ नसताना करायची.

आधी दमाच आहे याची खात्री

पाच वर्षांखालच्या अनेक लेकरांना सर्दीत छाती वाजते आणि मोठेपणी ते थांबतं. दम्याची शंका कधी घ्यायची? सर्दी नसतानाही रात्री किंवा पहाटे खोकला येतो, पळाल्यावर, हसल्यावर, रडल्यावर खोकल्याची उबळ येते, वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा छातीत घरघर झाली आहे, आई-वडिलांपैकी कुणाला दमा आहे किंवा लेकराच्या अंगावर खाजरं पुरळ उठतं, आणि औषधाचा पंप (इनहेलर) दिल्यावर आराम पडतो. असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून निदान कागदावर लिहून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत बारीक ताप आणि वजन घटणं असेल तर आधी क्षयाची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि दम्याच्या नावाखाली क्षय महिनोन्‌महिने तसाच राहिल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

दोन पंप, दोन कामं

एक पंप आरामाचा: साल्ब्युटामॉल, मेडिकलमध्ये बहुतेक लोक अस्थालिन म्हणून मागतात. एका पफमध्ये, म्हणजे पंपाच्या एका दाबात, १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, परिणाम साधारण चार तास टिकतो. सूज मात्र त्याने उतरत नाही.

दुसरा पंप रोजचा: बहुधा ब्युडेसोनाइड, हे स्टिरॉइड आहे. लहान मुलांत दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम ही कमी मात्रा धरली जाते. हा सूज उतरवतो, पण हळू. पुरता परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून झटक्यात याचा उपयोग शून्य आणि रोज घेतला तर झटकाच टळतो. लेकरू बरं दिसलं की घरचे हाच पंप बंद करतात. मग पंधरा दिवसांनी सर्दी होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

‘स्टिरॉइड आहे, सवय लागेल’ ही भीती घराघरांत आहे. सवय लागत नाही. झटक्यात द्यावी लागणारी स्टिरॉइडची २० मिलिग्रॅमची गोळी ही रोजच्या २०० मायक्रोग्रॅमच्या वजनाने शंभरपट असते; रोजचा पंप चुकवून वर्षात दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, मोठेपणी साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास. तोंड येऊ नये म्हणून पंपानंतर चूळ भरून थुंकायची, मास्कवाल्या लहानग्याचा चेहरा पुसायचा. साथ सुरू झाली म्हणून हा पंप स्वतःहून बंद करायचा नाही, आणि वाढवायचाही नाही.

कॅप्सूल टाकून ओढायचा पंप स्वस्त पडतो म्हणून गावात खूप चालतो. त्याला जोराने श्वास ओढावा लागतो, पाच-सहा वर्षांखालच्या लेकराला ते जमत नाही आणि झटक्यात मोठ्यालाही जमत नाही. पावसाळ्यात ओल्या हाताने काढलेल्या कॅप्सूलमधली भुकटी चिकटून बसते. काही घरांत ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळायलाही दिली जाते. तशी दिली तर फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. लहान लेकरासाठी दाबायचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायचं पोकळ नळकांडं, हीच जोडी.

मशीनच्या वाफेपेक्षा स्पेसर बरा

नेब्युलायझर, म्हणजे आपल्याकडची ‘मशीनची वाफ’, दिली की दवाखान्यातून आल्यासारखं वाटतं. पण नळकांडं लावलेल्या दाबाच्या पंपाने तितकंच काम होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. साथीत तर मशीन अंगावर येते: आजारी लेकराचा श्वास आणि खोकला तुषारांसोबत खोलीभर पसरतो आणि बाकावर वाट बघत बसलेल्या सगळ्यांपर्यंत जातो. एकच मास्क चार लेकरांना लावला तर विचारायलाच नको. घरी मशीन असेल आणि वापरावीच लागली तर ओसरीवर वापरा, लेकराजवळ एकच माणूस, त्याच्या तोंडाला मास्क, आणि बाकीचे आत.

मेडिकलमध्ये झडप असलेला स्पेसर काही शे रुपयांत मिळतो. चार वर्षांखाली मास्कचा, वर तोंडात धरायचा. मिळेपर्यंत अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा करता येतो. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकी चालली होती. हे काम मोठ्याने अंगणात करायचं, लेकराला दूर ठेवून, कारण प्लास्टिक जळतानाचा धूर त्याच्या छातीला वाईट.

कोल्ड्रिंकची ५०० मिलिलिटरची स्वच्छ बाटली घ्या, टोपण आणि कागद काढा. जाड तार पंपाच्या तोंडाभोवती वळवून त्याच मापाचं कडं करा. ते पक्कडीने धरून चुलीत लालसर तापवा आणि बाटलीच्या बुडाच्या मधोमध दहा सेकंद दाबा. भोक पडलं की प्लास्टिक मऊ असतानाच पंपाचं तोंड आत सारा, म्हणजे कडा त्याच मापाला बसतील. भोक मोठं झालं तर औषध तिथून गळतं. भोवती चिकटपट्टी लावा किंवा दुसरी बाटली घ्या. कडेचे प्लास्टिकचे तुकडे नखाने काढून टाका, नाहीतर तेच घशात जातील. लेकरू बाटलीच्या तोंडाला ओठ लावून श्वास घेणार.

यापुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. नव्या प्लास्टिकवर घर्षणाने वीज साठते आणि औषधाचे कण भिंतीलाच चिकटतात. बाटली असो की विकतचा स्पेसर, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून धुवा, आतून साध्या पाण्याने न खंगाळता निथळत ठेवा, हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसलं की वीज परत येते. महिन्यातून एकदा असंच धुवायचं. तोंड लागतो तो भाग मात्र रोज पुसा. साथीत स्पेसर एका लेकराचा एकच. भावंडांतही वाटायचा नाही.

पंप देण्याची रीत

१. टोपण काढून पंपाच्या तोंडात डोकवा. उघडा पडलेल्या पंपात तुरीचा दाणा, मणी, किडा असं काहीही असू शकतं आणि पफसोबत ते नळीत जातं.

२. पाच-सहा वेळा जोरात हलवा. नवा पंप किंवा आठवडाभर पडून असलेला असेल तर दोन-तीन पफ हवेत सोडा.

३. लेकराला मांडीवर किंवा खुर्चीत सरळ बसवा. मास्क नाक-तोंडावर गच्च, कुठे फट नको. रडत असेल तर थांबा. रडणाऱ्याच्या छातीत औषध फार थोडं जातं.

४. एकच पफ दाबा. दोन एकदम दाबले तर कण एकमेकांवर आपटून भिंतीला बसतात आणि औषध दुप्पट होण्याऐवजी कमी होतं.

५. लगेच शांतपणे पाच-सहा श्वास आत-बाहेर. बाटली असेल तर श्वास नाकाने नाही, तोंडानेच. लहानगा नाकाने घेत असेल तर त्याच्या नाकावर चिमटीत बोटं धरा.

६. पुढच्या पफआधी अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा.

पंपात साधारण २०० पफ असतात. वरून तो रिकामा झाला की नाही कळत नाही. पाण्यात टाकून तरंगतो का बघण्याची पद्धत फसवी आहे, आणि पाणी तोंडात अडकून पंप खराब होतो. सुरू केल्याची तारीख धातूच्या डबीवर मार्करने लिहा. सकाळ-संध्याकाळ एकेक पफ असेल तर १०० दिवस, दोन-दोन असतील तर ५०. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाका. आरामाचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर दमा काबूत नाही, मग लेकरू कितीही खेळतं दिसो.

उन्हाळ्याचं एक सांगायलाच हवं. पंप ३० अंशांखाली ठेवायचा असतो, आणि मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या घरात फळीवर, दुचाकीच्या डिक्कीत, एसटीच्या खिडकीशी ठेवलेली दाबाची डबी खराब होते आणि फुटूही शकते. घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाशेजारी जमिनीवर, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. थंडीत उलट: डिसेंबरच्या पहाटे डबी गार असेल तर पफ कमजोर पडतो, आधी मुठीत धरून ऊब द्या.

एक जास्तीचा आरामाचा पंप आणि रोजच्या पंपाची महिनाभराची बेगमी घरात हवी. उपकेंद्रात पंप मिळेलच असं धरून चालू नका. जनऔषधीचं दुकान तालुक्याला असेल तर हीच औषधं तिथे स्वस्तात विचारा. साथीत टाळेबंदी लागली की तालुक्याचा रस्ता आधी बंद होतो.

घर, शेत आणि धूर

दमा भडकवणाऱ्या गोष्टींची शहरी यादी कुत्रा-मांजर आणि गालिच्यांपासून सुरू होते. आपली यादी चुलीपासून सुरू होते. पऱ्हाट्या आणि तुराट्या ओल्या असल्या की नुसता धूर. गॅस असूनही पाणी तापवायला चूल पेटतेच. ती तरी अंगणात न्या, लाकूड कोरडं घ्या आणि लेकरू वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. मच्छरांसाठी कोठ्यात केलेला गोवऱ्या-कडुनिंबाचा धूर आणि घरातली मच्छर अगरबत्ती यांत छातीसाठी फरक नाही. मच्छरदाणी लावा. घरात बिडी ओढणाऱ्या आजोबांना ओसरीवर पाठवणं अवघड जातं, तरी पाठवायचं.

आश्विन-कार्तिक सर्वांत कठीण. सोयाबीनचं थ्रेशर चालतं, कुटार उडतं, कापूस घरात येतो, पहाटेचा गारवा सुरू होतो, वरून फटाके आणि शाळेतल्या सर्द्या. मळणीच्या दिवशी लेकरू शेतात न्यायचं नाही. कुटाराची गंजी झोपायच्या खोलीला लागून नको. भावाची वाट बघत कापूस घरातच भरून ठेवावा लागतो हे खरं, पण लेकराचं अंथरूण त्या खोलीतून हलवा, कापसाच्या गठ्ठ्यांवर खेळू देऊ नका आणि कापूस हलवायच्या दिवशी त्याला शेजारी पाठवा. शेतातून आलेल्याने कपडे झटकून, हातपाय धुऊन मगच लेकराला घ्यायचं. फवारणीच्या कपड्यांना तर त्याच्याजवळ येऊच द्यायचं नाही.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, धानाची धूळ आणि मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात तो धूर. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ. उन्हाळ्यात कूलरच्या गवताला बुरशीचा वास येऊ लागला की गवत बदलायचं आणि टाकी रिकामी करून घासायची. गाजर गवत फुलण्याआधी घराभोवतीचं उपटा, हातमोजे घालून.

सगळं एकदम जमणार नाही. दोनच जमत असतील तर धूर आणि कापसाची खोली ही दोन धरा.

साथ गावात आली की

घर एका खोलीचं असेल तर आजारी मोठा माणूस ओसरीवर झोपेल, लेकरू आत, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी. कवेलूच्या घरात हवा खेळती असते, स्लॅबच्या बंद खोलीपेक्षा ते बरं. हात साबणाने वीस सेकंद. सॅनिटायझरच्या वासाने काही लेकरांना उबळ येते, साबण पुरतो. ग्रामपंचायतीने ब्लीचिंगची फवारणी केली तर लेकराला तासभर दूर न्या. घरात फरशी साबणाने पुसा, आणि ब्लीच व संडासचं अॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू निरोग्यालाही घुसमटवतो.

मास्क दम्याच्या मुलांना चालतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत मास्क नको, सहा ते अकरा वर्षांत मोठ्यांच्या देखरेखीखाली, बारानंतर मोठ्यांप्रमाणे. झटका आला की मास्क आधी काढायचा.

फ्लूची लस सहा महिन्यांपासून पुढे दरवर्षी देता येते. नऊ वर्षांखाली पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. सरकारी लसीकरणात ती नाही, विकत घ्यावी लागते. न्यूमोकोकलची लस मात्र सरकारी यादीत आहे: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. कार्ड काढून बघा, राहिली असेल तर आशाताईंना सांगा.

आता न करायच्या गोष्टी. पातेल्यातली वाफ दमा उतरवत नाही, पण भाजण्याचे प्रसंग घडवते. कापूर-ओव्याची पोटली साथीत फोनवरून घराघरांत पोचली. कापूर लहान लेकराच्या पोटात गेला तर आकडी (फिट) येते, आणि नुसत्या वासानेही काहींची छाती आवळते. पोटावर डागण्या देऊन धाप जात नाही, जखम मात्र पिकते. खोकल्याच्या बाटल्या टाळा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या औषधाने लेकरं दगावली, त्यांतली बरीच नागपूरला आणली गेली होती. दम्याच्या खोकल्याला तसंही ते औषध लागू नसतं. विषाणूवर प्रतिजैविकंही चालत नाहीत.

सर्दी सुरू झाली: पहिले दोन दिवस

रोजचा पंप चालूच. घरघर किंवा खोकल्याची उबळ आली की आरामाचे दोन पफ. ताप असेल तर पॅरासिटामॉल, दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचा आकडा वाचा: ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतात किंवा २५०. बारा किलोच्या लेकराला पहिल्यातून सात मिलिलिटर, दुसऱ्यातून साडेतीन. गोंधळ नेहमी इथेच होतो. अॅस्पिरिन द्यायचं नाही.

श्वास मोजा. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना अंगातलं वर करून पोटाकडे बघा, घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद. दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, त्यापुढे ३० च्या वर हा धोक्याचा श्वास. यासाठी डॉक्टर लागत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्या माणसांना शिकवून लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखून घेतला आहे.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायची चिमटी, असेल तर हाताच्या अंगठ्याला किंवा पायाच्या अंगठ्याला लावा, कारण मोठ्यांची चिमटी बारीक बोटावर सैल बसते. हात ऊबदार, नखावर मेंदी-रंग नको, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. ९५ आणि वर ठीक. ९४ किंवा कमी आला तर दवाखाना. ९२ च्या खाली असेल तर वाटेत बोलत बसायलाही वेळ नाही. पण आकडा चांगला आणि लेकरू धापत असेल तर विश्वास लेकरावर ठेवायचा, यंत्रावर नाही.

ताप जास्त, श्वास जलद, पण छाती वाजत नाही आणि पंपाने काही फरक नाही: हा दम्यापेक्षा न्यूमोनिया असू शकतो. घरी पंप देत बसू नका.

कधी निघायचं

घरी एक फेरी म्हणजे दोन पफ, वीस मिनिटं थांबा, गरज असेल तर पुन्हा दोन, पुन्हा वीस मिनिटांनी दोन. तासात सहा. हात थरथरणं, छाती धडधडणं हे औषधाचंच, थोड्या वेळात जातं.

सहा पफनंतरही धाप असेल तर कुठेही राहा, निघायचंच. आराम पडला पण चार तास टिकला नाही, तर शहरात डॉक्टरांना फोन करून विचारतात, गावात निघायचं. सकाळपासून दोन फेऱ्या लागल्या असतील तर दुपारी चारच्या आत, उजेडात निघा, कारण दमा रात्री आणि पहाटे जोर करतो आणि गाडी त्याच वेळी मिळत नाही. वर्षाखालचं लेकरू, किंवा गेल्या वर्षात भरती झालेलं, पहिल्या फेरीनंतरच दाखवा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं असेल आणि वाटेत नाला असेल तर आणखी आधी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं हे सर्वांना माहीत आहे. तुमच्या गावाची पर्लकोटा कोणती ते आजच ठरवून ठेवा.

सिकलसेल असलेल्या लेकराचं वेगळं. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार बराच आहे. दम्यासोबत सिकलसेल असेल आणि ताप, छातीत दुखणं, धाप यांतलं काही सुरू झालं तर घरी फेरी मोजत बसायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. छातीतल्या बारीक रक्तवाहिन्या अडून काही तासांत हाल होतात. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘सिकलसेल आहे’ हेच. स्टिरॉइड द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.

खालीलपैकी काहीही दिसलं तर ताबडतोब १०८: बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, गळ्याच्या खाली खळगा पडतो, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, पाणी किंवा दूध पीत नाही, ओठ निळसर-राखी, गुंगी. आधी घरघर ऐकू येत होती आणि आता छाती शांत, पण लेकरू मलूल, तर ती शांतता सर्वांत वाईट. हवा आतच जात नाहीये.

१०८ ला गाव, तालुका आणि जवळचा फाटा सांगा. यायला वेळ लागणार असेल तर गावातली गाडी काढून फाट्यावर गाठ घालायचं ठरवा. वाटेत लेकरू आडवं झोपवू नका. मांडीवर सरळ, किंचित पुढे झुकलेलं. दुचाकीवर दोघांमध्ये बसवलं तरी पाठ ताठ राहू द्या. पंप आणि स्पेसर हातात. दर वीस मिनिटांनी पफ, एकेक करून: पाच वर्षांखाली सहापर्यंत, मोठ्याला दहापर्यंत. या वेळी जास्त होईल याची भीती नको.

दवाखान्यात

सांगायचं एवढंच: दमा आहे, रोज अमुक पंप, आज अमुक वाजल्यापासून इतके पफ दिले, ताप आहे किंवा नाही, घरात कुणी आजारी आहे का. पफ आणि वेळा कागदाच्या कपट्यावर लिहून न्या, तिथे घाबरून काही आठवत नाही. चाचणीचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. ऑक्सिजन आणि पंप आधी, काडी नाकात नंतर. तुमचा स्पेसर सोबत असेल तर ‘यातूनच द्या’ असं नम्रपणे म्हणा.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या तर दर किलोला एक ते दोन मिलिग्रॅम, बहुधा तीन ते पाच दिवस. विषाणूचा आजार आहे म्हणून दम्याच्या झटक्यात त्या नाकारू नका, आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरी स्वतःहून देणं मात्र बंद.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा दाखवा आणि तेव्हा डॉक्टरांसमोर पंप स्वतःच्या हाताने देऊन दाखवा. ‘घेतो ना नीट’ असं विचारून चूक सापडत नाही. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांत तीन दिवस ताप, पोटदुखी, लाल डोळे, अंगावर पुरळ असं काही आलं तर तो दमा नाही, वेगळा गंभीर आजार असू शकतो. जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या.

शाळेत आणि अंगणवाडीत आरामाचा एक पंप, स्पेसर आणि लेकराचं नाव, किती पफ, घरचा फोन नंबर लिहिलेला कागद एका डब्यात द्या. कुलूपबंद कपाटात नाही, बाईंच्या टेबलाच्या खणात. एकदा बाईंच्या हातून दोन पफ देऊन बघा, आणि दर तीन महिन्यांनी डब्यातल्या पंपावरची मुदत वाचून या.